केआय-६७

केआय-६७ हे मानवी पेशींच्या केंद्रकात आढळणारे एक प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या चक्रात असताना ते ठळकपणे दिसते. विश्रांत अवस्थेतील पेशीत ते नसते किंवा अत्यल्प असते. या गुणधर्मामुळे एखाद्या अर्बुदातील किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत हे मोजण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो. अर्बुदाच्या पातळ छेदात मोजलेल्या कर्कपेशींपैकी ज्यांच्या केंद्रकात हे प्रथिन आढळते त्यांच्या शेकडा प्रमाणाला केआय-६७ निर्देशांक म्हणतात. या प्रथिनाचे जनुक एमकेआय६७ या नावाने ओळखले जाते व ते दहाव्या गुणसूत्रावर आहे.

स्तनाच्या कर्करोगात या निर्देशांकाला विशेष महत्त्व आहे. इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या आणि एचईआर-२ प्रथिनाचा अतिरेक नसलेल्या अर्बुदांत शस्त्रक्रियेनंतर केवळ संप्रेरक उपचार पुरेसे आहेत की केमोथेरपीही द्यावी, हा निर्णय बऱ्याचदा काठावरचा असतो. अशा वेळी अर्बुदाच्या वाढीचा वेग सांगणारा एखादा आकडा हाताशी असणे मोलाचे ठरते. केआय-६७ची चाचणी जनुकीय चाचण्यांच्या तुलनेने स्वस्त असून सर्वसाधारण विकृतिविज्ञान प्रयोगशाळेत करता येते. मात्र एकाच अर्बुदाचा निर्देशांक दोन प्रयोगशाळांत वेगवेगळा येऊ शकतो. या एका उणिवेमुळे, शोधाला चार दशके उलटून गेल्यावरही, या आकड्यावर उपचाराचा निर्णय कितपत सोपवावा हा वादाचा विषय राहिला आहे.

पार्श्वभूमी

अर्बुदातील पेशी किती वेगाने वाढतात यावरून रोग्याचे भवितव्य ताडण्याचा प्रयत्न केआय-६७च्या पुष्कळ आधीपासून होत आला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन पावत असलेल्या पेशी सहज ओळखू येतात, कारण त्यांची गुणसूत्रे घट्ट गोळा झालेली असतात. ठरावीक क्षेत्रात अशा पेशी किती आहेत ते मोजणे ही सर्वांत जुनी रीत होय. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली मांडलेल्या श्रेणीकरणात ही मोजणी, केंद्रकांतील विषमता आणि नलिकांची घडण या तीन गोष्टी एकत्र केल्या होत्या. नॉटिंगहॅम येथील एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ साली त्यात काटेकोरपणा आणला. आज स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात जी पहिली, दुसरी किंवा तिसरी श्रेणी लिहिलेली असते ती या सुधारित पद्धतीनुसार ठरवलेली असते.

विभाजन प्रत्यक्ष दिसण्याचा काळ पेशीचक्राच्या मानाने फार थोडा असतो. त्यामुळे चक्रात असलेल्या बहुतेक पेशी या मोजणीतून निसटतात. त्यांना पकडण्यासाठी किरणोत्सर्गी थायमिडीन वापरून डीएनए तयार करणाऱ्या पेशी मोजण्याची पद्धत आली. तिला ताजे, जिवंत ऊतक लागे आणि किरणोत्सर्गी द्रव्य हाताळावे लागे. पुढे फ्लो सायटोमेट्रीने प्रत्येक पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजून डीएनए-निर्मितीच्या टप्प्यातील पेशींचा हिस्सा काढण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात ऊतक विस्कटून पेशी सुट्या कराव्या लागत. सुट्या पेशींत कर्कपेशी कोणत्या आणि शेजारच्या निरोगी पेशी कोणत्या हे सांगणे अवघड होई. ऊतकाची रचना जशीच्या तशी राखून, प्रत्येक पेशीकडे बोट दाखवून ‘ही चक्रात आहे’ असे म्हणता येईल असे साधन तोवर नव्हते.

शोध आणि नाव

हे साधन हाती आले ते वेगळ्याच शोधाच्या ओघात. जर्मनीतील कील विद्यापीठात हॉजकिन लिम्फोमा या रोगातील कर्कपेशींना चिकटणारे प्रतिपिंड शोधण्याचे काम चालू होते. त्यासाठी हॉजकिन लिम्फोमाच्या एल-४२८ या पेशीवाणाची केंद्रके उंदरांना टोचून त्यांच्यापासून अनेक एकक्लोनी प्रतिपिंडे मिळवण्यात आली. त्यांपैकी एक प्रतिपिंड हॉजकिनच्या पेशींपुरते मर्यादित न राहता वाढीला लागलेल्या सर्व तऱ्हेच्या पेशींच्या केंद्रकांना चिकटते आणि विश्रांत पेशींना सोडून देते, असे योहान्नेस गेर्डेस, उलरिख श्वाब, हिल्मार लेम्के आणि हाराल्ड श्टाईन यांना आढळले. हे निरीक्षण त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. मूळ उद्देशाच्या दृष्टीने ते प्रतिपिंड निरुपयोगी होते.

नावातील ‘केआय’ ही दोन अक्षरे कील या शहराची आहेत. ६७ हा आकडा शहाण्णव खळग्यांच्या तबकडीतील ज्या खळग्यात ते प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशी होत्या त्याचा क्रमांक होय. म्हणजे या आकड्याला जैविक अर्थ काहीही नाही. रोग्यांच्या अहवालात ‘केआय-६७ : १२ टक्के’ असे लिहिलेले असते तेव्हा ६७ हा चाचणीचा निकाल समजण्याची चूक होऊ शकते, निकाल पुढे लिहिलेला असतो.

आरंभीचे प्रतिपिंड केवळ गोठवलेल्या ऊतकावर काम करीत असे. जगभरच्या रुग्णालयांत मात्र ऊतक फॉर्मॅलिनमध्ये मुरवून पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात जपले जाते, आणि फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांचा आकार बदलून प्रतिपिंडाला चिकटण्याची जागा झाकली जाते. त्यामुळे जवळजवळ दहा वर्षे केआय-६७ मोठ्या संशोधनसंस्थांपुरते राहिले. कात्तोरेत्ती, गेर्डेस व सहकाऱ्यांनी १९९२ साली एमआयबी-१ हे नवे प्रतिपिंड जाहीर केले. मेणातून कापलेला छेद मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये द्रावणात तापवल्यास हे प्रतिपिंड त्यावर उत्तम काम करते असे त्यांनी दाखवले. या एका सोयीने चित्र पालटले. नव्या रोग्यांची चाचणी तर सोपी झालीच, शिवाय रुग्णालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेले जुने ठोकळे तपासून त्या रोग्यांचे पुढे काय झाले याच्याशी निर्देशांक ताडून पाहता येऊ लागले. स्तनाच्या कर्करोगातील केआय-६७विषयीचे पुष्कळसे ज्ञान अशा जुन्या ठोकळ्यांतून आले आहे.

प्रथिनाचे कार्य

केआय-६७चा खुणेसारखा उपयोग होऊ लागल्यानंतरही ते प्रथिन पेशीत करते काय हे बराच काळ स्पष्ट नव्हते. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की विभाजनाच्या वेळी हे प्रथिन गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर साबणाच्या रेणूंसारखे उभे राहते आणि गुणसूत्रे एकमेकांना चिकटू न देता सुटी ठेवते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असेही दाखवले की हे प्रथिन नसलेले उंदीर जन्मतात आणि वाढतात. म्हणजे केआय-६७ पेशीविभाजनाला चालना देणारे प्रथिन नाही. ते विभाजनाच्या सोबतीने येते.

दोन मर्यादा येथे लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की निर्देशांक चक्रात असलेल्या पेशींचा वाटा सांगतो, चक्र पुरे व्हायला किती वेळ लागतो हे सांगत नाही. ‘वाढीचा वेग’ हा शब्दप्रयोग त्यामुळे सैल आहे. दुसरी अशी की पेशी विश्रांत अवस्थेत गेल्यावर हे प्रथिन तत्काळ नाहीसे न होता हळूहळू ओसरते. म्हणून ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या, फिकट रंगलेल्या पेशीही छेदात दिसतात. मोजणाऱ्याने त्यांना कोणत्या गटात टाकायचे हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

मापनाची पद्धत

बायोप्सीत किंवा शस्त्रक्रियेत काढलेले ऊतक फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. ठोकळ्यातून काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे छेद कापून काचपट्टीवर घेतात. तापवण्याच्या क्रियेने प्रतिजन मोकळे करून छेदावर एमआयबी-१ किंवा तत्सम प्रतिपिंड सोडतात आणि रंगद्रव्याच्या साहाय्याने ते जेथे चिकटले ती केंद्रके तपकिरी करतात. उरलेल्या केंद्रकांना हिमॅटॉक्सिलीनने निळा रंग देतात. मग तपकिरी आणि निळी केंद्रके मोजली जातात. १,००० कर्कपेशींपैकी १८० तपकिरी असल्यास निर्देशांक १८ टक्के होतो.

कृती सरळ दिसली तरी मोजणीचे नियम काटेकोर आहेत. केवळ आक्रमक कर्करोगाच्या पेशी मोजायच्या असतात. अर्बुदात शिरलेल्या लसीकापेशी, संयोजी ऊतकाच्या पेशी आणि नलिकेच्या आतच मर्यादित असलेला कर्करोग यांना वगळायचे असते. लसीकापेशी स्वतःही विभाजन पावत असतात. त्या चुकून मोजल्या गेल्या तर निर्देशांक फुगतो. रंग गडद की फिकट हे न पाहता केंद्रक तपकिरी असेल तर पेशी धन समजावी, असे आंतरराष्ट्रीय कार्यगटाचे मार्गदर्शन आहे. नजरेच्या अंदाजाने टक्केवारी लिहू नये, किमान ५०० आणि शक्यतो १,००० पेशी मोजाव्यात, असेही त्याने सांगितले आहे.

पेशींच्या संख्येचा आग्रह धरण्यामागे साधे गणित आहे. खरा निर्देशांक २० टक्के असलेल्या अर्बुदातील १०० पेशी मोजल्या, तर केवळ नमुन्याच्या योगायोगाने उत्तर १२ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. ५०० पेशी मोजल्यास ही शक्यता साधारणपणे १६ ते २४ टक्क्यांपर्यंत आकसते आणि १,००० मोजल्यास १७ ते २३ टक्क्यांपर्यंत. हे आकडे मोजणाऱ्याची चूक शून्य धरून आणि पेशी अर्बुदात सारख्या विखुरलेल्या आहेत असे मानून काढलेले आहेत. वस्तुस्थिती तशी नसते. बहुतेक अर्बुदांत काही भाग अधिक तपकिरी असतात, त्यांना ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. केवळ तेच मोजले तर एक आकडा येतो, सर्व भागांची सरासरी काढली तर दुसरा.

ऊतक प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी त्याचे काय झाले यालाही तितकेच महत्त्व आहे. शस्त्रक्रियेत काढलेला स्तन बराच वेळ तसाच राहिला, अथवा न कापता सबंध फॉर्मॅलिनमध्ये बुडवला, तर आतल्या भागापर्यंत द्रव वेळेवर पोहोचत नाही आणि प्रथिने खराब होऊ लागतात. अशा नमुन्यात निर्देशांक खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. सुईने काढलेला बायोप्सीचा तुकडा बारीक असल्याने लवकर मुरतो. म्हणून निर्देशांकासाठी शक्यतो बायोप्सीचा नमुना वापरावा असे अनेक तज्ज्ञ सुचवतात.

प्रयोगशाळांमधील तफावत

केआय-६७च्या मापनात एकवाक्यता आणण्यासाठी स्तनकर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय केआय-६७ कार्यगट स्थापन झाला. २०१० साली लंडनमध्ये भरलेल्या बैठकीतील शिफारशी पुढच्या वर्षी मिच डॉसेट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केल्या. त्यानंतर गटाने प्रत्यक्ष तफावत किती आहे ते मोजायचे ठरवले. १०० अर्बुदांचे नमुने आठ नामांकित प्रयोगशाळांकडे पाठवण्यात आले आणि निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाची रचना विचारपूर्वक केलेली होती. एका भागात सर्व काचपट्ट्या एकाच ठिकाणी रंगवून केवळ मोजणीसाठी पाठवल्या होत्या, दुसऱ्या भागात प्रत्येक प्रयोगशाळेने रंगवण्याचे कामही आपापल्या पद्धतीने केले. एका ठिकाणी रंगवलेल्या काचपट्ट्यांवर आठ प्रयोगशाळांची सरासरी उत्तरे सुमारे ७ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत पसरली होती. स्वतः रंगवलेल्या काचपट्ट्यांवर ती सुमारे ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत गेली. अर्बुदे तीच होती. याउलट एकाच प्रयोगशाळेने तीच काचपट्टी पुन्हा मोजली तेव्हा उत्तरे फार जुळणारी आली. प्रत्येक मोजणारा आपल्याशी प्रामाणिक होता, मात्र प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी होती. कोणता भाग निवडायचा, फिकट केंद्रक धरायचे की सोडायचे, कर्कपेशी कोणती, या बाबतींत प्रत्येक ठिकाणची सवय निराळी असल्याचे त्यातून उघड झाले.

पुढच्या टप्प्यात कार्यगटाने मोजणीचे नियम लिहून काढले आणि संगणकावरून सराव देऊन ठरावीक पातळी गाठणाऱ्यांनाच पुढे घेतले. तेव्हा उत्तरांतील जुळणी बरीच सुधारली. तफावत अटळ नाही, ती प्रशिक्षणाने कमी होते, हे त्यातून दिसले. परंतु असे प्रशिक्षण सर्वत्र मिळत नाही.

सीमारेषेचा प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाचे जनुकीय रचनेवरून प्रकार पाडण्यास २०००च्या सुमारास आरंभ झाला. इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या अर्बुदांत ‘ल्युमिनल ए’ हा मंद वाढीचा आणि ‘ल्युमिनल बी’ हा अधिक वेगाने वाढणारा असे दोन प्रकार त्यातून पुढे आले. प्रत्येक रोग्याची जनुकीय तपासणी शक्य नसल्याने हा फरक साध्या चाचणीने ओळखण्याची गरज भासली. चेयांग व सहकाऱ्यांनी २००९ साली जनुकीय प्रकार ठाऊक असलेल्या अर्बुदांवर केआय-६७ मोजून दोहोंमधील सीमारेषा १३.२५ टक्के येते असे दाखवले. ती पूर्णांकात १४ टक्के म्हणून प्रसिद्ध झाली.

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे त्या काळी दर दोन वर्षांनी भरत असलेल्या तज्ज्ञपरिषदेने २०११ साली ही १४ टक्क्यांची सीमा स्वीकारली आणि २०१३ साली ती २० टक्क्यांवर नेली. २०१५ साली प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याकडील आकड्यांच्या मध्याच्या आधारे निकालाचा अर्थ लावावा, अशी भूमिका पुढे आली. त्यामुळे १७ टक्के निर्देशांक असलेले अर्बुद २०११मध्ये ‘बी’ आणि दोन वर्षांनी ‘ए’ ठरले, अर्बुदात काहीही बदललेले नसताना. वर सांगितलेल्या तफावतीचा विचार केला तर हे धरसोडीचे वागणे होते असे म्हणता येत नाही. ज्या प्रयोगशाळेत १४ टक्के ही सीमा निघाली तिचे आकडे दुसरीकडे लागू होतीलच असे नव्हते. निर्देशांकाचे मूल्य अखंड पटावर पसरलेले असते. त्यात निसर्गाने कोठे खाच पाडलेली नाही.

कार्यगटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या सुधारित शिफारशींत मधला मार्ग काढला. इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या, एचईआर-२ नसलेल्या आणि प्राथमिक टप्प्यातील अर्बुदांत निर्देशांक ५ टक्के किंवा त्याहून कमी असल्यास पूर्वानुमान चांगले मानावे व केमोथेरपीची गरज बहुधा नाही असे समजावे, ३० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास केमोथेरपीचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. या दोन टोकांवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे सहसा एकमत होते. मधल्या पट्ट्यात मात्र केवळ केआय-६७वर निर्णय घेऊ नये, अन्य चाचण्यांचा आधार घ्यावा. अडचण एवढीच की पुष्कळ रोग्यांचे आकडे या मधल्या पट्ट्यात येतात, आणि ज्यांच्या बाबतीत निर्णय खरोखर अवघड असतो तेही बहुधा तिथेच असतात.

उपचारांशी संबंध

वैद्यकात रोगाचे भवितव्य सांगणारी खूण आणि अमुक उपचाराचा उपयोग होईल असे सांगणारी खूण यांत भेद करतात. निर्देशांक जास्त असलेल्या अर्बुदांत रोग उलटण्याचा धोका अधिक असतो हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु म्हणून एखादे औषध त्याच रोग्यांना अधिक लागू पडेल असे आपोआप ठरत नाही.

अबेमासिक्लिब या औषधाच्या बाबतीत हा भेद ठळकपणे समोर आला. रोग उलटण्याचा धोका मोठा असलेल्या, काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत पसरलेल्या कर्करोगात संप्रेरक उपचारांच्या जोडीला हे औषध दोन वर्षे देण्याची चाचणी ‘मोनार्क-ई’ या नावाने झाली. ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वापराला मान्यता देताना निर्देशांक २० टक्के किंवा त्याहून अधिक असण्याची अट घातली आणि त्यासाठी विशिष्ट चाचणीसंचही मान्य केला. स्तनाच्या कर्करोगावरील औषध मिळणे किंवा न मिळणे तेथे केआय-६७च्या आकड्यावर अवलंबून राहिले. पुढील पाहणीत निर्देशांक जास्त असलेल्यांचा धोका अधिक असल्याचे दिसले, पण औषधाचा लाभ जास्त व कमी अशा दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात होत होता. मार्च २०२३मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. मधल्या काळात १९ टक्के आणि २१ टक्के यांतला फरक, जो मोजणीच्या योगायोगानेही पडू शकतो, औषधाच्या मान्यतेतला फरक बनला होता.

संप्रेरक उपचार सुरू केल्यानंतर निर्देशांक किती उतरतो हे पाहणे हा अधिक भरवशाचा उपयोग ठरला आहे. ब्रिटनमधील ‘पोएटिक’ या चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या सुमारे ४,४८० स्त्रियांनी भाग घेतला. त्यांतील बहुतेकींना शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर अ‍ॅरोमॅटेज रोधक देण्यात आले. या अल्पकाळच्या औषधाने रोग उलटण्याचे प्रमाण घटले नाही. तरी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दुसरी महत्त्वाची गोष्ट हाती लागली. औषध घेतलेल्या व एचईआर-२ नसलेल्या स्त्रियांत ज्यांचा निर्देशांक मुळातच कमी होता त्यांच्यात पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ४.३ टक्के होते. ज्यांचा जास्त होता पण दोन आठवड्यांत १० टक्क्यांच्या खाली आला त्यांच्यात ते ८.४ टक्के, आणि ज्यांचा उतरला नाही त्यांच्यात २१.५ टक्के होते. येथे एकाच रोग्याची दोन मापने, सहसा एकाच प्रयोगशाळेत, एकमेकांशी ताडली जातात. त्यामुळे प्रयोगशाळांमधील तफावतीचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

केमोथेरपीच्या संदर्भात केआय-६७ वरवर परस्परविरोधी भासणारे चित्र दाखवते. विभाजन पावणाऱ्या पेशींवर बहुतेक केमोथेरपी औषधांचा मारा असतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिल्यास जास्त निर्देशांकाची अर्बुदे पूर्णपणे विरघळण्याची शक्यता अधिक असते. तरीही ज्यांची अर्बुदे विरघळत नाहीत आणि उरलेल्या भागात निर्देशांक जास्तच राहतो, त्यांचे पूर्वानुमान चांगले नसते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व एचईआर-२ हे तिन्ही नसलेल्या, म्हणजे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ अर्बुदांत निर्देशांक बहुधा जास्तच असतो. तेथे केमोथेरपीचा निर्णय सहसा त्यावर अवलंबून नसतो.

जनुकीय चाचण्यांशी तुलना

ऑन्कोटाइप डीएक्स या चाचणीत २१ जनुकांची पातळी मोजून रोग उलटण्याच्या धोक्याचा गुणांक काढतात. त्यांतील १६ जनुके कर्करोगाशी संबंधित असून पेशींच्या वाढीच्या गटातील पाच जनुकांमध्ये केआय-६७चे जनुकही आहे. नेदरलँड्समधील संशोधनातून निघालेल्या मॅमाप्रिंट या ७० जनुकांच्या चाचणीच्या निकालातही पेशींच्या वाढीचा वाटा मोठा आहे. या चाचण्या मोजक्या केंद्रांत एकाच पद्धतीने होतात, म्हणून त्यांचे निकाल अधिक स्थिर असतात. त्या महागही आहेत.

इस्ट्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही, एचईआर-२ आणि केआय-६७ या नेहमीच्या चार मापनांना एका सूत्रात बसवून ‘आयएचसी-४’ हा गुणांक लंडनमधील संशोधकांनी २०११ साली मांडला. २१ जनुकांच्या चाचणीइतकीच माहिती त्यातून मिळते असे त्यांच्या अभ्यासात दिसले. मात्र चारही मापने उत्तम दर्जाच्या प्रयोगशाळेत झालेली असावीत ही त्याची पूर्वअट आहे.

भारतातील स्थिती

स्तनाचा कर्करोग हा भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात त्याचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण होते. परदेशातील प्रयोगशाळेत नमुना पाठवून जनुकीय चाचणी करून घेण्याचा खर्च बहुसंख्य कुटुंबांना पेलत नाही. त्यामुळे ग्राहींच्या चाचण्यांबरोबर केआय-६७ करून घेण्याची प्रथा शहरांतील प्रयोगशाळांत रूढ झाली आहे. जेथे जनुकीय चाचणी हाताशी नाही तेथे या आकड्याचे वजन साहजिकच वाढते. हे वजन ज्या मधल्या पट्ट्यात त्याने पेलू नये असे कार्यगट सांगतो तेथेही पडते.

शस्त्रक्रिया एका गावी, चाचणी दुसऱ्या शहरात आणि उपचार तिसऱ्याच ठिकाणी, असा प्रवास येथे नवा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात येणारे रोगी आधीच्या ठिकाणचे पॅराफिन ठोकळे आणि काचपट्ट्या सोबत आणतात, आणि त्यांची तेथे फेरतपासणी होते. या फेरतपासणीत केआय-६७चा आकडा आधीच्या अहवालाहून वेगळा आल्यास पहिला अहवाल चुकीचाच होता असा अर्थ होत नाही. ठोकळ्याचा निराळा भाग कापला गेला असेल किंवा मोजणीची रीत वेगळी असेल. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरलेले नसेल तर मात्र नंतरची उत्तम प्रयोगशाळाही ती उणीव भरून काढू शकत नाही. अहवालात नेमक्या आकड्याऐवजी ‘१५ ते २० टक्के’ असा पल्ला लिहिण्याची रीतही आढळते. मापनाच्या अचूकतेचा विचार करता ती गैर नाही.

बंगळूर येथील ऑन्कोस्टेम या कंपनीने विकसित केलेली ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी याच गरजेतून आलेली आहे. तिच्यात पाच प्रथिने आयएचसी पद्धतीने मोजून अर्बुदाचा आकार, श्रेणी आणि लसीकाग्रंथींची स्थिती यांच्याशी जोडली जातात. त्या पाच प्रथिनांत केआय-६७चा समावेश नाही.

अन्य उपयोग आणि संगणकीय मोजणी

स्तनाखेरीज अन्य अवयवांच्या अर्बुदांतही केआय-६७ वापरतात. पचनमार्ग व स्वादुपिंडातील चेतासंप्रेरकी अर्बुदांची श्रेणी ठरवताना तो अधिकृत निकषांपैकी एक आहे. ३ टक्क्यांखाली पहिली, ३ ते २० टक्क्यांपर्यंत दुसरी आणि २० टक्क्यांवर तिसरी श्रेणी धरतात. काही लिम्फोमा आणि मेंदूची अर्बुदे यांतही त्याची नोंद केली जाते.

काचपट्टीचे अंकीय छायाचित्र घेऊन संगणकाकडून केंद्रके मोजून घेण्याच्या प्रणाली आता उपलब्ध आहेत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेली ‘क्यूपाथ’ ही प्रणाली २०१७ साली प्रसिद्ध झाली असून ती विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. संगणक थकत नाही आणि शेकड्यांऐवजी हजारो पेशी मोजू शकतो, त्यामुळे नमुन्याच्या योगायोगातून येणारी चूक जवळजवळ नाहीशी होते. कर्कपेशी कोणत्या आणि लसीकापेशी कोणत्या हे मात्र त्याला आधी शिकवावे लागते, आणि छेदाचा रंग फिका आला असल्यास तो ते उत्तर तितक्याच शिस्तीने फिके देतो.